मोलमीनचं कुंपण

रंगून, ता. १४ डिसेंबर १९३४

आप्पांच्या पायांवर डोकं ठेवून सून धनू लिहिते.

आप्पा, हे पत्र बसून वाचावं. आई जवळ असतील तर त्यांना आधी आत पाठवावं.

मी मोलमीनला जाऊन आले. तुमचे नवल आता नाहीत. पटकी झाली आणि गेले. तिथल्या लोकांनी सगळं नीट केलं असं कळलं. माझी भेट झाली नाही. दीड वर्ष त्यांचं पत्र का आलं नाही ते आता आपल्याला समजलं.

ज्यांच्या सोबतीनं मी इथवर आले ते भीकमचंद शेटजी आणि प्यारीबाई पुढच्या बोटीनं कलकत्त्याला निघत आहेत. त्यांच्याबरोबर मीही येते. माझ्या खाण्यापिण्याची काळजी करू नये.

गजराचं लग्न पुढे ढकलू नये. फाल्गुनातच करावं, अशी तिच्या दादांची फार इच्छा होती.

अक्षर नीट आलं नाही, सांभाळून घ्यावं.

आपली,
धनू

खांडबारा, ता. ६ जानेवारी १९३५

आप्पांना नमस्कार.

तुमची चिठ्ठी गाडीवाल्याच्या हातून मिळाली. मी नंदुरबारला न उतरता पुढे खांडबाऱ्याला का आले, असं तुम्ही विचारलंत. बोटीवर मला ताप भरला होता, खोकलाही आहे. लग्नघरात आजारपण आणू नये म्हणून इथे गवराबाईंकडे राहिले. त्या भीकमचंद शेटजींची बहीण, स्टेशनासमोर त्यांचं किराणा दुकान आहे. मागच्या पडवीत मला जागा दिली आहे. कसली अडचण नाही.

रंगूनला निघताना तुम्ही ओसरीवरून म्हणाला होतात, "हाऊ उंबरा वलांडा ते परत येवू नको." ते मनात धरून मी आले नाही असं समजू नका. तसं काही नाही.

तुम्ही दुसरंही विचारलंत. भेट झाली नाही, तर गजराच्या लग्नाची इच्छा मला कोणी सांगितली? ती शेजाऱ्यांनी शेटजींच्या मुनिमाला सांगितली, मांगीलालजींना. त्यांनी मला.

आई जेवत नाहीत हे वाचून जीव तुटतो. पण त्यांना इकडे पाठवू नका. सुकलाल भाऊजींनाही नको. कोणीच येऊ नका. मी बरी झाले की कळवीन.

गावी, कोरीटला निघायची भीती वाटते असं नाही. अंगात ताकद नाही, इतकंच.

धनू

खांडबारा, ता. २० जानेवारी १९३५

आप्पा,

हे पत्र एकट्यानं वाचा. मास्तरांकडून वाचून घेऊ नका. मळ्यात जाऊन वाचलंत तर बरं.

तुमचं कालचं पत्र वाचून मी पडवीचं दार लावून घेतलं. गवराबाई हाका मारत राहिल्या. तुम्ही लिहिता की भाऊबंद बसले होते, सगळ्यांचा विचार झाला, धनूला सुकलालशी पाट लावून घरातच ठेवायची. पोरगी तरुण आहे, तिला वाऱ्यावर सोडायची नाही. तुम्ही हे रागानं लिहिलेलं नाही. मला घरात घ्यायला तयार झालात. म्हणूनच आता खोटं पुढे रेटता येत नाही.

तुमचे नवल जिवंत आहेत.

आता मी लिहिते त्यातलं एक अक्षरही गाळू नका. मी घाबरलेली आहे, मागंपुढं होईल.

शेटजींनी मला रंगूनला ठेवून घेतलं होतं आणि मोलमीनला मांगीलालजींना पाठवणार होते. मी हट्ट करून त्यांच्याबरोबर गेले. आगगाडीनं रात्रभर, मग एवढी मोठी नदी की आपल्या तापीला पूर आला तरी तिच्या एका काठाला पुरायचा नाही. पलीकडे मोलमीन. मांगीलालजींनी मला धक्क्याजवळच्या एका मारवाडी दुकानात बसवलं आणि म्हणाले, "वहिनी, इथून हलायचं नाही. मी लाकडाच्या गिरणीत जाऊन येतो." नवल त्या गिरणीच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

ते लवकरच परत आले. माझ्याकडे न बघता दुकानदाराशी मारवाडीत हळू बोलले. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी ज्या पेल्यातून पाणी प्यायले होते तो त्यानं पायानं बाजूला सारला.

मांगीलालजी म्हणाले, "नोकरी सोडून गेला. कुठे ते कोणाला माहीत नाही. संध्याकाळच्या होडीनं परत जाऊ."

आप्पा, माणूस खोटं बोलतो तेव्हा फार वेगानं बोलतो. ते जेवायला आत बसले, तेव्हा मी बोचकं तिथेच ठेवून मागच्या दारानं बाहेर पडले.

असं काही करायचं माझ्या मनात नव्हतं. पाय निघाले. रस्त्यावर आल्यावर कळलं की आपण काय केलं. एकटी बाई, नऊवारी लुगडं, भाषा येत नाही. मी कधी नंदुरबारच्या बाजारातही एकटी गेले नव्हते.

तिथल्या बायका केसांत फुलं घालून, भल्या मोठ्या विड्या ओढत दुकानं चालवतात. त्या माझ्याकडे बघून हसत होत्या. वाईट नव्हतं ते हसणं, पण मला वाटलं, सगळ्या गावाला माझं काहीतरी माहीत आहे आणि मलाच नाही. उजवीकडे नदी, डावीकडे लांबलचक टेकडी आणि तिच्यावर सोन्यासारखी देवळं. नदी सोडायची नाही एवढंच मी ठरवलं. लाकडाची गिरणी नदीकाठीच असणार.

पण गिरण्या कितीतरी! प्रत्येकीपुढे ओंडके, भुसा, करवतींचा आवाज. एका ठिकाणी वळले तर समोर हत्ती. सोंडेत ओंडका धरून सरळ माझ्याकडे येणारा. माहूत ओरडला. मी भिंतीला चिकटले आणि डोळे मिटले. तो गेल्यावर बघते तर एक चप्पल चिखलात रुतलेली. ती काढायला थांबले नाही. दुसरीही टाकली आणि अनवाणी चालले. "कंपाउंडर? नवल कंपाउंडर?" एवढंच दिसेल त्याला विचारत होते. एका गल्लीत शिरले ती फिरून त्याच ठिकाणी आली. एक म्हातारा मागून येतोय असं वाटलं म्हणून धावले, तर तो आपल्या घरात वळला. ऊन डोक्यावर आलं. रडू येत होतं, पण रडले तर गर्दी जमेल याची जास्त भीती.

शेवटी एका फाटकावर पगडीवाला दरवान दिसला. नाव उदेसिंग. हिंदीत बोलला तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. म्हणाला, "आओ माई, छाया में बैठो." स्वतःचा लोटा पुढे केला. मी सांगितलं, नवल कंपाउंडरची बायको, खानदेशातून आले.

त्यानं लोटा मागे घेतला, आप्पा.

मागे घेतला आणि दोन पावलं सरकला. मी विचारलं, "त्यांनी कोणाचा जीव घेतला का?" त्यानं नाही म्हणून मान हलवली. "मेले का?" पुन्हा तशीच मान हलवली. मग त्यानं आपला हात वर धरला आणि एकेक बोट आत दुमडलं. सगळी बोटं दुमडून नुसता थोटा हात माझ्यापुढे धरला. मग टेकडीकडे बोट दाखवलं.

मला कळलं. महारोग; आपल्याकडे त्याला रगतपिती म्हणतात. पोरं त्यांना दगड मारतात. आपणही गाडी थांबवत नाही, लांबून भाकर टाकतो.

तिथून मी धक्क्यावर परत गेले असते तर कोणी मला नावं ठेवली नसती. मी काही धीट नाही. पण परत जायची वाट मला सापडणारच नव्हती, आणि टेकडी समोर दिसत होती. म्हणून गेले. खरं सांगते, म्हणूनच गेले.

गावाबाहेर बांबूचं कुंपण होतं, आत स्वच्छ झाडलेलं अंगण, लांब कौलारू खोल्या. फाटकाशी एक बर्मी बाई भाजलेले दाणे विकत बसली होती. मी नाव घेतलं. तिनं आत हाक मारली, "नावाला! नावाला!" अशी काहीतरी. मी कुंपणापासून लांब उभी राहिले, पदर नाकाला लावून. आत एक जण दुसऱ्याच्या पायाला पट्टी बांधत होता. तो उठला आणि वळला.

भुवया नव्हत्या. चेहरा सुजल्यासारखा, तुकतुकीत. पण उभं राहायची पद्धत, एका पायावर भार देऊन, ती तुमची आहे. तशीच.

"तू?" ते म्हणाले. "तू कसाले उनी व?"

मी कुंपणाकडे एक पाऊल टाकलं तर ते ओरडले, "तठेच ऱ्हाय! जोडे येवू नको!"

त्यांनी जवळ येऊ दिलं नाही; आमचं सगळं बोलणं असं लांबून झालं, ओरडून. दाणे विकणारी ऐकत होती. तिला काय कळणार, पण ती डोळे पुसत होती.

त्यांनी सांगितलं की आधी दंडावर एक फिकट डाग आला. तिथे सुई टोचली तर दुखेना. कंपाउंडरच ते, त्यांना लगेच कळलं. गिरणीतून काढलं. घरी पत्र लिहायला घेत आणि फाडून टाकत. आता तिथेच इतरांना पट्ट्या बांधतात, औषधं देतात. डाव्या हाताची दोन बोटं वळली आहेत, बाकी हात चालतो.

मी म्हटलं, "घरी चला."

ते हसले. "कोन घरमा लई? आप्पाले सांग, मी मरी गऊ. पटकी व्हयनी, मरी गया. गजरानं लगन शे. मी जित्ता शे हाई समजनं ते तिले कोन करी?"

"आनी मी? मी कुकू पुसी टाकू?"

त्यावर ते हातातली पट्टी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "पुसी टाक. तू तरनी शे."

मी हो म्हटलं, आप्पा. वाद घातला नाही. मला तिथून पळायचं होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, आणि त्यांना ते दिसत होतं. तेच म्हणाले, "जाय. ऊन उतरी ऱ्हायनं, होडी चुकी."

मी वळले. तेवढ्यात त्यांनी मला हाक मारली. नावानं. लग्नानंतर चार माणसांत त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती. मी परत फिरले आणि सरळ कुंपणापर्यंत गेले. ते मागे हटत होते. मी बांबूंतून हात घातला आणि त्यांचं मनगट धरलं. गरम होतं, कोणाचंही असतं तसं. मी सोडलं नाही, तेव्हा त्यांनीच हिसकून घेतलं आणि आत पळून गेले.

दाणे विकणारी बाई धक्क्यापर्यंत माझ्यापुढे चालली. मला तिची भाषा येत नव्हती आणि तिला माझी. मांगीलालजी वेड्यासारखे धक्क्यावर फिरत होते. मला बघून त्यांनी रागावायला तोंड उघडलं आणि मिटलं. होडीत मात्र ते माझ्यापासून लांब बसले.

आता खांडबाऱ्याचं सांगते. मला ताप नव्हता. बोटीतच माझ्या कोपराखाली एक डाग दिसला. मग मला झोप कसली? गवराबाईंची नात मांडीवर बसायला येते, तिला मी हुसकावते. ताट वेगळं, तांब्या वेगळा. नंदुरबारचं स्टेशन आलं तेव्हा मी खिडकीकडे पाठ करून बसले, कारण कोणी आपल्या गावचं दिसलं असतं तर मी उतरले असते आणि तो रोग तुमच्या उंबऱ्याच्या आत घेऊन आले असते. अंधार पडला की डागाला सुई टोचायचे. दुखलं तरी वाटायचं, मनाचंच दुखणं आहे. परवा धीर करून नवापूरला एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डोळे मिटायला सांगितलं आणि सुई टोचली. मी किंचाळले. ते म्हणाले, "बाई, हा नायटा आहे. मलम लावा." कोणी सुई टोचली म्हणून मी इतकी आनंदानं कधी रडले नव्हते. मनगट धरल्याचं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, एवढ्यानं काही होत नाही.

पण गावाला हे कोण पटवणार? म्हणून अजून भिते. हे कळलं तर गजराचं लग्न मोडेल. विहिरीवर आईंची घागर कोणी लावू देणार नाही. सुकलाल भाऊजींना कोणी मुलगी देणार नाही. हे सगळं मी जाणते. त्यांनी मला शपथ घातली नव्हती, पण मी हो म्हटलं होतं, आणि ते मोडते आहे.

मात्र पाटाला उभी राहणार नाही. भाऊजी चांगले आहेत, त्यांचा दोष नाही. माझा नवरा जिवंत आहे. मी त्याचं मनगट धरलं आहे.

हे पत्र जाळायचं असेल तर जाळा. मला मेलेली समजायचं तर तेही चालेल, एकाच्या जागी दोन. गवराबाईंना मी काही सांगितलेलं नाही. उत्तर आलं नाही तरी मी समजून घेईन. फक्त आईंना एवढं सांगा की त्यांनी जेवावं.

धनू

खांडबारा, ता. ४ फेब्रुवारी १९३५

गजराच्या दादांना,

मी तुमचा शब्द मोडला. आप्पांना सगळं लिहिलं. रागवायचं असेल तर पुढे वाचून रागवा.

पत्र टाकल्यावर कितीतरी दिवस उत्तर नाही. प्रत्येक गाडीला मी दुकानाच्या मागून बघायचे. कोणी काठी घेऊन येतंय का, आप्पा स्वतः येतात का, की गावचं कोणी सांगायला येतं की आईंनी विहीर जवळ केली. मला असलेच विचार येत.

काल सकाळच्या गाडीनं आप्पा उतरले. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, काठी, खांद्यावर वळकटी. मी पडवीत पाण्याचा हंडा घेऊन उभी होते, तो तसाच खाली ठेवला आणि भिंतीला टेकले. वाटलं, आता मारतात. ते अंगणात येऊन उभे राहिले. गवराबाईंनी खाट टाकली, बसले नाहीत.

मला म्हणाले, "त्याना हात चालतस का आजून?"

मी म्हटलं, "उजवा चालतो. डाव्याची दोन बोटं वळली."

"पट्ट्या बांधस?"

"बांधतात. दुसऱ्यांच्या."

ते खाटेवर बसले. उपरण्यानं तोंड झाकलं. तुमचे वडील रडताना मी पहिल्यांदा बघितले. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. गवराबाईंना काही कळेना. मी त्यांना तिथेच सगळं सांगून टाकलं. त्या उठून आत गेल्या. वाटलं, आता आम्हाला बाहेर काढतात. थोड्या वेळानं त्यांनी आप्पांसाठी चहा आणला आणि माझ्यासाठीही, घरच्याच पेल्यात. पेला पुढे करताना त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. तरी पुढे केला.

घरचं आप्पांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं. पत्र मळ्यात वाचलं. पुन्हा वाचलं. घरी येऊन आईंना सांगितलं. आई म्हणाल्या, जिवंत आहे ना, मग मी जेवते. आणि खरंच जेवल्या. गजरा दाराआडून ऐकत होती. ती पुढे येऊन म्हणाली, "दादा जित्ता शे ना? मंग ऱ्हाऊ द्या लगन." आप्पा तिच्या ठरलेल्या सासरी गेले आणि त्यांना खरं सांगितलं. लपवून पोरगी द्यायची नाही म्हणाले. त्यांनी नारळ परत केला. नवरा मुलगा बैलगाडीपर्यंत सोडायला आला होता. त्याचं मन काय आहे कोणाला ठाऊक. पाण्यासाठी आई आता गावाच्या विहिरीवर जात नाहीत. सुकलाल भाऊजी मळ्यातून बैलावर पाणी आणतात.

तुम्ही म्हणाला होतात ते सगळं खरं झालं. तुम्ही जिवंत असल्याची किंमत घराला पडली आहे. मी हे लपवत नाही, कारण ती मोजायला कोणी नाही म्हटलेलं नाही.

पाटाचं आप्पांनी नावही काढलं नाही. बोलता बोलता माझ्या कपाळावरचं कुंकू बघून फक्त एवढं म्हणाले, "लायेल शे ते बेस शे."

मी विचारलं, आता काय करायचं? त्यांनी वळकटी दाखवली. म्हणाले, "माले तठे लई चाल."

हसाल तुम्ही. तुमचे आप्पा धुळ्याच्या पुढे कधी गेलेले नाहीत. समुद्र म्हणजे तापीपेक्षा मोठा का, असं त्यांनी मला विचारलं. भीकमचंद शेटजी बोटीचं बघणार आहेत. आई दसम्या करायला बसणार आहेत, कारण आप्पांची खरी काळजी निराळीच आहे. काल दिवसभरात त्यांनी मला तीनदा विचारलं, "बोटमा भाकर कितला दिन टिकस?"

मी अजून भिते. समुद्राला भिते, तुमच्या चेहऱ्याला भिते, आप्पांनी तो बघितल्यावर काय होईल याला भिते. मी तिथे तुमच्याजवळ राहू शकेन का, हेही मला माहीत नाही. राहीन असं आज लिहिलं तर ते खोटं होईल. खोटं एकदा लिहून बघितलं, परत नको.

आम्ही आलो की आत पळू नका. आप्पांचे पाय दुखतात, त्यांना कुंपणाशी फार वेळ उभं राहता येणार नाही.

धनू